मॅडम, हा ल्यूडो चीटिंग करतो

टी.वाय.चं संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल चालू होतं. फळ्यावर काय-स्क्वेअर चाचणीचं गणित लिहून दिलेलं, वर्ग ते जर्नलमध्ये उतरवून घेत होता. गणितात एक फासा १२० वेळा टाकलेला होता. कोणी टाकला, कधी, कशासाठी, हे कोणी विचारत नाही. मी विद्यार्थिनी होते तेव्हा मीही विचारलं नव्हतं. तो फासा वर्षानुवर्षं पुस्तकातून फळ्यावर, फळ्यावरून जर्नलमध्ये आणि जर्नलमधून परीक्षेच्या पेपरात असा फिरतो आहे.

मागच्या बाकावर मात्र दुसराच फासा चालू होता. चौघं जण एका मोबाईलवर डोकी घालून बसलेले. मी अगदी जवळ पोचले तरी त्यांना पत्ता नाही. "आण इकडे," म्हटल्यावर मोबाईल माझ्या हातात आला आणि त्याच्यासोबत एक तक्रारही आली. "मॅडम, हा ल्यूडो चीटिंग करतो. मला सहा देतच नाही. ह्याला बघा, तीन गोट्या बाहेर!"

रागवायचं अगदी तोंडावर आलं होतं. तेवढ्यात लक्षात आलं, की सेमिस्टरभर मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते हेच. "फासा सरळ आहे" ही शून्य परिकल्पना आणि "हा चीटिंग करतो" ही पर्यायी. पुस्तकातल्या परिकल्पनेशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं. इथे मात्र पोराचा जीव जळत होता.

"चीटिंग करतो, कशावरून?"

"दिसतंय ना, मॅडम."

"किती दानांत किती सहा पडले?"

ते त्याला माहीत नव्हतं. चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नल बंद ठेवली. वर्गात २४ जण. प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर तोच खेळ उघडून ५० दानं टाकायची आणि पडेल तो आकडा लगेच लिहायचा. एकूण १२०० दानं, म्हणजे प्रत्येक आकडा साधारण २०० वेळा यायला हवा. सुरुवात करण्याआधी एक अट घातली. सहा किती वेळा पडले तर मी म्हणेन की हा फासा खोटा, हे प्रत्येकाने आधी कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचं. ही अट मला आयत्या वेळी सुचली, पण पुढे प्रत्येक खेळात तीच कामाला आली. कोणी लिहिलं १५०, कोणी १००. तक्रारवाल्याने लिहिलं १९९.

आकडे फळ्यावर जमले, बेरजा झाल्या आणि काय-स्क्वेअरची किंमत ११.०७ च्या बरीच खाली आली. पाच डिग्रीज ऑफ फ्रीडम, पाच टक्के पातळी. हा ११.०७ त्यांना तोंडपाठ होता. तो कशाचा उंबरठा आहे, हे मात्र बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं, कारण १९९ वाल्याकडे बघून अख्खा वर्ग हसला.

तो हटला नाही. "मॅडम, टोटल बरोबर असेल. पण गरज असते तेव्हा पडत नाही."

वीस वर्षांच्या नोकरीत मी ऐकलेला हा सगळ्यात चांगला आक्षेप. बेरीज बरोबर ठेवूनही लबाडी करता येते, फक्त वेळ चुकवायची. माझी चाचणी त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हती. दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं देत होती. मग वहीत आणखी एक रकाना आला, "सहा पाहिजे होता का: हो / नाही". तो दान टाकण्याआधी भरायचा, नंतर नाही. खरे डाव खेळून आठवडाभरात नोंदी झाल्या. गरजेच्या दानांतही सहा येत होता तो साधारण सहात एकदाच.

"मग मला असं का वाटतं?" त्याने विचारलं. या वेळी आवाजात तक्रार नव्हती.

आता मला खडू उचलायला जागा मिळाली. सहाची सरासरी वाट सहा दानांची, हे खरं. पण सलग दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता म्हणजे पाच-षष्ठांशचा दहावा घात, साधारण १६ टक्के. वर्गात तुम्ही २४ जण. म्हणजे प्रत्येकाने डाव मांडला की तुमच्यापैकी चौघांच्या आसपास पोरं पहिली दहा दानं नुसती बघत बसणार. ती कोण, एवढंच फासा ठरवतो. आणि ज्याच्यावर ही पाळी येते त्याला ते आठवडाभर आठवतं. ज्याला पहिल्याच दानाला सहा पडतो तो म्हणतो, मी चांगला खेळतो.

पहिल्या पन्नास-पन्नास दानांच्या नोंदींनी आणखी एक धडा दिला, तो मी ठरवलेला नव्हता. सतरा नंबरच्या वहीत सहा जरा जास्तच दिसत होते. खोदून विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, शेवटी सहा पडला, म्हणून तिथंच थांबलो. पन्नास झाले नव्हते." कुठे थांबायचं हे जर पडलेलं दानच ठरवत असेल, तर वही खोटं न लिहिताही खोटं बोलते. पुस्तकात हा मुद्दा एखाद्या तळटिपेत असतो. इथे तो सतरा नंबरच्या अंगावर आला.

तास संपताना पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "म्हणजे फासा खरा आहे हे सिद्ध झालं?" नाही झालं. समजा खेळ बनवणाऱ्याने सहा थोडाच कमी केला, २०० च्या जागी सरासरी १८० पडतील इतकाच. १२०० दानांत सहांची संख्या निव्वळ योगायोगानेही १३ च्या आसपास इकडेतिकडे होतेच. तेवढं त्याचं प्रमाण विचलन आहे. वीसचा फरक म्हणजे दीड प्रमाण विचलन. इतकी बारीक लबाडी आपल्या जाळ्यातून निसटून जाऊ शकते. चोर सापडला नाही एवढंच आपण म्हणू शकतो. घरात चोर नव्हताच, असं नाही.

गंमत अशी, की खेळ बनवणारे खरोखरच फासा वाकवतात, पण अनेकदा खेळणाऱ्याच्या बाजूने. "सिव्हिलायझेशन" या खेळाचा कर्ता सिड मायर याने २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं, की तीनास एक असं बळ असताना लढाई हरली की खेळणारे चिडायचे. चारात एकदा हरायचंच असतं, हे कोणाला पटत नसे. "फायर एम्ब्लेम" या जपानी मालिकेच्या काही भागांत तर पडद्यावर दिसतं नेम लागण्याची शक्यता ९० टक्के, आणि आत यंत्र दोन यादृच्छिक संख्या काढून त्यांची सरासरी घेतं. वर्गाला मी त्याचा चौकोन काढायला लावला. सरासरी ०.९ च्या वर जाणारा भाग म्हणजे कोपऱ्यातला एक चिमुकला त्रिकोण, क्षेत्रफळ दोन शतांश. दाखवतात ९०, देतात ९८. दोन यादृच्छिक चलांच्या बेरजेचं वितरण मी दर वर्षी शिकवते. त्या त्रिकोणाकडे वर्ग टक लावून बघतोय, हे दृश्य नवीन होतं. खरा फासा माणसाला खोटा वाटतो, म्हणून त्याला खोटा फासा द्यावा लागतो, आणि तो मात्र त्याला खरा वाटतो. यावर त्या दिवशी कँटीनमध्येही वाद चालला म्हणे.

ही बातमी स्टाफरूममध्ये पोचायला वेळ लागला नाही. "काय मॅडम, आता गेम खेळायचा पगार का?" असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हसत विचारलं. मी त्यांना नळाख्यानाची आठवण करून दिली. महाभारताच्या वनपर्वात जुगारात सर्वस्व हरलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत राजा एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. बाहुक रथ थांबवून झाड तोडतो, मोजतो, तर तेवढीच निघतात. मग राजा त्याला सांगतो, की फाशांचं मर्म मी जाणतो आणि मोजण्यातही तरबेज आहे. फासे आणि अंदाज या दोन विद्या एकाच माणसाकडे आहेत, आणि त्याच्या पदरी येऊन त्या शिकतो तो फाशांनीच बुडालेला माणूस. युरोपात पास्कल आणि फर्मा यांची पत्रं १६५४ सालची, तीही अर्धवट राहिलेल्या डावातली रक्कम कशी वाटायची याबद्दल. खेळ आमच्या विषयात मागच्या दाराने आलेला नाही. तो घरमालक आहे. आम्हीच त्याला बाहेर काढलं आणि जर्नल आत घेतलं.

यानंतर पोरं आपणहून खेळ आणायला लागली. त्यातला सर्वात मोठा ऐवज आणला तो सतरा नंबरने. मला "माइनक्राफ्ट" म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचं जग एवढंच माहीत होतं. त्याने सांगितलं, की हा खेळ कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यती होतात आणि २०२० मध्ये ड्रीम या नावाने खेळणाऱ्या प्रसिद्ध यूट्यूबरवर संशय आला होता. खेळात पिगलिन नावाच्या प्राण्यांना सोनं दिलं की ते बदल्यात काहीबाही देतात. त्यात हवा असलेला मोती येण्याची शक्यता तेव्हा ४२३ मध्ये २०, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी होती. ड्रीमच्या प्रक्षेपणांत २६२ अदलाबदलींत ४२ वेळा मोती आले होते. दुसरीकडे ब्लेझ नावाचा शत्रू मेला की निम्म्या वेळा कांडी मिळते. त्याला ३०५ पैकी २११ वेळा मिळाली होती.

"करा," मी म्हटलं. अपेक्षित मोती साडेबारापेक्षा थोडे कमी, प्रमाण विचलन साडेतीनच्या आत, आणि आले ४२. साडेआठ प्रमाण विचलनं दूर! वर्गाने निकाल देऊन टाकला: चोर.

मी थांबवलं. हजारो लोक हा खेळ खेळतात. त्यातला सर्वात नशीबवान कोण ते आधी बघायचं आणि मग म्हणायचं, बघा किती नशीबवान! लॉटरी लागलेल्या माणसाला चोर ठरवण्यातला हा प्रकार. शिवाय पुरेसे मोती मिळाले की खेळणारा अदलाबदल थांबवतो. हे ऐकताच सगळ्या माना सतरा नंबरकडे वळल्या. तो स्वतःच म्हणाला, "माझ्यासारखंच."

डिसेंबर २०२० मध्ये शर्यतीच्या नियामकांनी जो अहवाल काढला, त्यात त्यांनी नेमके हेच मुद्दे हिशेबात धरले होते. थांबण्याचा नियम, निवडून काढलेली प्रक्षेपणं, इतर खेळाडू, इतर वस्तू, या प्रत्येकासाठी त्यांनी संशयिताला सूट दिली. सगळ्या सुटी देऊनही उत्तर आलं साडेसात लाख कोटींत एक. ड्रीमने आधी आरोप नाकारला. मे २०२१ मध्ये त्याने मान्य केलं, की खेळाची शक्यता बदलणारा एक जोड-प्रोग्रॅम त्याच्याकडे चालू होता. आपल्या नकळत, असं त्याचं म्हणणं. पी-व्हॅल्यूने, म्हणजे शक्यतेच्या अशा आकड्याने, काय सांगितलं आणि काय नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मी आजवर शिकवलेलं नाही. फासा वाकडा होता, हे आकड्यांनी सांगितलं. तो कोणी वाकवला आणि जाणूनबुजून का, हे आकडे सांगत नाहीत.

सगळेच खेळ असे रंगले नाहीत. ठिपक्यांचा आलेख बघून सहसंबंध गुणांक ओळखायचा एक साधा खेळ इंटरनेटवर आहे. खऱ्या किमतीच्या ०.०५ च्या आत आलात तर एक जीव वाढतो, ०.१० हून जास्त चुकलात तर जातो. दोन दिवस वर्गाला वेड लागलं, तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. पण तेवढ्यात एक गोष्ट साधली. ०.३ म्हणजे डोळ्यांना जवळजवळ काहीच न दिसणं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं. वर्तमानपत्रात "अमुक आणि तमुक यांचा संबंध आढळला" असं वाचलं की आता कोणीतरी विचारतं, "किती, मॅडम? पॉइंट तीन?" तो खेळ मी स्वतः पोरांसमोर खेळले आणि तीनही जीव गमावून बसले. त्याचाही फायदा झालाच.

सर्वात जास्त काम केलं ते बेटांनी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मायकेल बुल्मर यांनी "द आयलंड्स" नावाचं एक आभासी जग उभं केलं आहे. प्रॉव्हिडन्स, आयर्नबार्ड आणि बोन साँते ही तीन बेटं, त्यांवर गावं, गावांत घरं, घरांत माणसं. ही माणसं लग्नं करतात, आजारी पडतात, मरतात. त्यांना कॉफी पाजून नाडी मोजता येते, पळवता येतं, पाठांतराची परीक्षा घेता येते. मात्र आधी संमती घ्यावी लागते आणि काही जण चक्क नाही म्हणतात. रात्री झोपतात. आमच्या लॅबमधल्या वीसपैकी चौदा संगणक चालू होते. तेवढ्यांवर मी वर्गाला या बेटांवर नेलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी पहिलं गाव, पहिली गल्ली, पहिली दहा घरं घेतली. मी काही बोलले नाही. दोन गटांच्या उत्तरांत मेळ बसेना तेव्हा वाद सुरू झाला, आणि यादी करून यादृच्छिक संख्यांनी घरं निवडायची हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. नकार देणाऱ्यांचं काय करायचं, यावर तर दोन तास गेले. एक गट नाही म्हणणाऱ्याच्या शेजारच्या घरात शिरत होता. "शेजारी त्याच्यासारखाच असणार ना," हे त्यांचं समर्थन. "मग नाही म्हणणारा आणि हो म्हणणारा सारखेच कसे?" दुसऱ्या गटाने विचारलं. नमुना निवडीवरचं माझं व्याख्यान इतकं चांगलं कधी झालेलं नाही.

आमची पिढी हे शिकली ती पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकातून. त्यातले सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातले. गाव यादृच्छिक, गावातलं शेत यादृच्छिक, शेतातला तुकडा यादृच्छिक. मग तेवढंच पीक कापून, वजन करून जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाज करायचा. ती पद्धत कागदावर सोपी आहे, भर उन्हात बांधावरून चालताना नाही. बेटांवर ऊन नाही, बांध नाही. ही सोय आहे, आणि खोटही तिथेच आहे.

खोट माझ्या लक्षात आली ती पुढच्या महिन्यात, जवळच्या गावात घरोघरी पाहणीला गेलो तेव्हा. त्याआधीच्या एका वर्षी काही पोरांनी फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरले होते. मी ते पकडले ते वयांवरून. आपल्याकडच्या खऱ्या पाहणीत वयं शून्य आणि पाचावर ढिगाने येतात. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. टपरीवरच्या गावात मात्र सगळे जण सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकतीस असे नेमक्या वयाचे होते. बेटावरची माणसंही तशीच, स्वतःचं वय अचूक माहीत असलेली. या वेळी बेटं करून आलेल्या दोन मुली एका आजींसमोर बसल्या होत्या. वय विचारलं तर आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात माझा थोरला पोटात होता. तुम्हीच काढा आता." मुलींनी माझ्याकडे बघितलं. रकान्यात काय भरायचं हे कुठल्याच खेळाने शिकवलेलं नव्हतं. पण एक फरक होता. त्यांनी मनाचा आकडा टाकला नाही. त्या आजींना विचारत राहिल्या: लग्न कधी झालं, पहिलं मूल कितव्या वर्षी, थोरला पहिलाच का. शेवटी त्यांनी वयाचा पल्ला लिहिला आणि शेजारी टीप लिहिली.

वर्षअखेरीस निकाल बघून मी खूश होते. आधीच्या वर्षापेक्षा गुण वाढलेले दिसत होते. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठीच्या नॅकच्या अहवालात "बेस्ट प्रॅक्टिस" म्हणून हे घालायचं ठरलं. दोन वर्षांचे दोन खांब शेजारी शेजारी, खाली मथळा: खेळातून संख्याशास्त्र. आलेख करायला पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीला बसवलं. तिने खांब काढले, रंग भरले आणि माउस हातात धरूनच विचारलं, "मॅडम, मागची बॅच अर्धं वर्ष ऑनलाइन होती ना?"

होती. पेपरही वेगळा होता, तपासणारेही वेगळे. मी सेमिस्टरभर जे शिकवलं होतं ते सगळं त्या एका प्रश्नात माझ्याकडे परत आलं होतं. मुख्य म्हणजे, किती गुण वाढले तर मी म्हणेन की खेळाने फरक पडला, हे मी आधी कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. सतरा नंबरसारखी मीही सहा पडल्यावर थांबले होते.

आलेख काढून टाकला. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या ए आणि बी अशा दोन बॅचेस केल्या. एका प्रकरणाला एक बॅच खेळ खेळणार, दुसरी जर्नल लिहिणार. पुढच्या प्रकरणाला अदलाबदल. दोन्हींना चाचणी एकच, आणि कोणाची उत्तरपत्रिका हे तपासणाऱ्याला कळणार नाही. केवढा फरक पडला तर तो फरक मानायचा, ते आधी लिहून पाकिटात बंद केलं. पहिला खेळ कोणाला, हे नाणं उडवून ठरवायचं होतं. सगळ्यांसमोर उडवलं. ए बॅचला मिळाला.

बी बॅचमधून लगेच आवाज आला, "मॅडम, हा टॉस चीटिंग आहे."

मी नाणं त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "किती वेळा उडवणार, ते आधी वहीत लिही."